गठुड्याची गोष्ट

कापूस वेचणीच्या दिवसांत, यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी रात्रपाळीवर असताना, साडेदहाच्या सुमारास चाळिशीतला एक शेतकरी दोन्ही हातांनी डोके धरून आत आला. "गठुडं उचललं अन् डोक्शात वीज पडल्यावानी झालं," एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता. बायको पदराचे टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडे पाहत होती. रात्री नऊ वाजता कापसाचे गठुडे कोण उचलतो, हे मला तिथेच विचारायला हवे होते. शेवटी सिस्टरांनी तिला बाजूला नेले, तेव्हा समजले की दुखणे संभोगाच्या अत्युच्च क्षणी, अगदी एका सेकंदात उठले होते.

त्या क्षणी शरीराला उत्तेजित करणारी अनुकंपी चेतासंस्था जोरात काम करते, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतात. बहुतेकांना याने काहीच होत नाही. मात्र मेंदूतील एखाद्या धमनीला फुगा आलेला असेल, तर तो अशा वेळी फुटू शकतो, आणि असा रुग्ण कधीकधी स्वतःच्या पायांनी चालत रुग्णालयात येतो. याची मान ताठ नव्हती, हातापायांतील शक्तीही शाबूत होती. तरीही मी १०८ बोलावली, कारण पहिल्या ६ तासांत काढलेल्या सीटी स्कॅनमधून असा रक्तस्राव क्वचितच सुटतो, आणि त्यांपैकी दोन तास त्या गठुड्यापायी गेले होते.

स्कॅन स्वच्छ निघाला, रक्तवाहिन्यांच्या चित्रातही दोष नव्हता. निदान झाले संभोगाशी निगडित प्राथमिक, म्हणजे मागे दुसरा आजार नसलेल्या, डोकेदुखीचे, जी स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळते आणि बहुधा काही काळाने आपोआप थांबते. पुन्हा उद्भवल्यास प्रोप्रॅनोलॉल किंवा इंडोमेथासिन या औषधांचा उपयोग होतो. त्याला मात्र वेगळीच धास्ती होती. धातू गेल्याने मेंदू पोकळ होतो, हे त्याने एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरील जाहिरातीत वाचले होते. वीर्य मेंदूतून उतरत नाही, हे पटवायला मला स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरावी लागली.

निघताना बायको दारात थांबली. या वेळी तिने थेट माझ्याकडे पाहिले. "मंग थांबाचं किती दिवस?"

"डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत. आणि पुन्हा तसेच झाले, तर गठुडे सांगू नका."

तो ओशाळून हसला आणि चपला शोधू लागला.