हात लावू नका, माउली

आषाढीच्या वारीत पाय टाळाच्या ठेक्यावर चालतात. उत्तराखंडातल्या कुमाऊंत टाळ कुठले? गंगोलीहाटला हाट कालिकेच्या देवदारांत घंटा वाजवून आम्ही चौघी निघालो आणि दोन किलोमीटरांत चाल विस्कटली. मग थोरल्या काकूंनी हरिपाठ धरला, तेव्हा कुठे पावलं जुळली. पाताल भुवनेश्वरची गुहा तिथून 14 किलोमीटर. जीपवाले थांबून विचारत, बसता का? नको म्हटलं की हसून पुढे जात.

गुहेपाशी मोबाइल, पिशव्या बाहेर ठेवल्या. तोंड इतकं अरुंद, की माझ्यासारखीने आधी श्वास सोडावा आणि मग शिरावं. साखळी धरायची, पाठमोरं व्हायचं, पाय चाचपत खाली टेकायचा. दगड ओला, तुळतुळीत. असं जवळजवळ 90 फूट. माझ्या गुडघ्यांनी तिथेच नमस्कार केला.

खाली पायांना बरगड्यांसारखे उंचवटे लागले. शेषनागाचा कणा, वाट दाखवणारा म्हणाला. पुढे ऐरावताचे पाय छतातून लोंबत होते, शंकराच्या जटा पांढऱ्या सुटल्या होत्या. सगळी चुनखडी. पावसाचं पाणी मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपतं, दगड विरघळवतं आणि थेंब लटकला की तोच चुना कणाकणाने तिथे ठेवून जातं. शाळेत हे शिकवलं होतं; तेव्हा जटा म्हणून सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

कलियुगाचा म्हणून एक दगड आहे. तो वाढत छताला टेकला की प्रलय, असं सांगतात. काकूंनी मान वर करून अंदाज घेतला. "अजून बऱ्याच वाऱ्या होतील," म्हणाल्या आणि त्याला हात लावायला गेल्या.

"माताजी, हाथ मत लगाइए."

काकूंचा चेहरा पडला. आमचा विठोबा पायांवर डोकं टेकू देतो; देवाला लांबून बघायची आम्हाला सवयच नाही. पण त्याच पायांची झीज होऊन वज्रलेप करावा लागला, हेही आम्हीच पाहिलंय. इथे तर हाताचं तेलकटपण बसलं की चुना धरत नाही, वाढच खुंटते. जिथवर हात पोचतात तिथवर दगड काळपट झालेला, वर पांढरा स्वच्छ. कुणी न सांगताही दिसत होतं.

काकूंनी दोन्ही हात पदरात गुंडाळले. "तूच लाव आता," म्हणाल्या दगडाला आणि थेंब कपाळावर पडेपर्यंत मान वर करून उभ्या राहिल्या. मागच्यांचा खोळंबा झाला, पण आम्ही कुणी त्यांना हलवलं नाही.