दोन बोटं कमी

आमच्या मंडळाच्या गोकुळाष्टमीला पाच संध्याकाळ कीर्तन असे आणि नवमीला काला. पूतना, शकटासुर, तृणावर्त हे राक्षस पहिल्या दोन दिवसांत उरकायचे. आम्हा पोरांचं लक्ष असायचं ते उखळाच्या दिवसाकडे, यशोदा कृष्णाला उखळाला बांधते त्या कथेकडे.

त्या दिवशी बुवा पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा भाग, लवकर आटोपत. उत्तररंगाला, म्हणजे कथा सांगायला, उभे राहिले की कमरेचं उपरणं सोडायचे आणि समोरच्या एखाद्या लहानग्याला बोलावून मंडपाच्या खांबाशी उभं करायचे. एका वर्षी तो मान मला मिळाला. सहा वर्षांचा असेन. उपरण्याला अष्टगंधाचा आणि घामाचा वास येत होता. बुवांनी ते माझ्या पोटाभोवती फिरवलं, टोकं जुळवायला गेले आणि थबकले. "दोन बोटं कमी!" पेटीवाल्यांनी सूर धरून ठेवला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शाल दिली. ती जोडली. तरी दोन बोटं कमी! मग कुणाचा पंचा, कुणाचा शेला. दरवर्षी हेच व्हायचं, सगळ्यांना पाठ असायचं, तरी मंडपात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

भागवताच्या दशम स्कंधात, ९व्या अध्यायात ही कथा आहे. दाव्याला दावं जोडून यशोदा घामाघूम झाली, केसांतली फुलं गळाली, तेव्हा कुठे 'कृपयासीत् स्वबन्धने', कृपा करून तो स्वतःच बांधला गेला. एक बोट भक्ताच्या कष्टाचं, दुसरं देवाच्या कृपेचं, असं बुवा उलगडून सांगत. मला तेव्हा एवढंच कळलं, की आई दमली म्हणून त्यानं पोट आत घेतलं. मीही घेतलं होतं. आजही मला तोच अर्थ जवळचा वाटतो.

पुढे उखळ ओढत कृष्ण दोन अर्जुनवृक्षांमधून जायचा, ते उन्मळून पडायचे आणि शापानं झाडं झालेले कुबेराचे मुलगे नलकूबर आणि मणिग्रीव सुटायचे. तोवर आमचं मन काल्यात.

नवमीला हंडी फुटली की पोहे, लाह्या, दही, काकडी, लिंबाचं लोणचं कालवलेला काला थेट ओंजळीत पडायचा. दही मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. हात मात्र धुवायचे नाहीत, ही बुवांची ताकीद. गोपाळांचं उष्टं मिळावं म्हणून देव मासे होऊन यमुनेत थांबले होते, तेव्हा पेंद्या आणि सवंगड्यांनी हात घोंगडीलाच पुसले होते ना! आम्ही सदऱ्याला पुसायचो. त्या एका दिवशी आई सदऱ्यावरून काही बोलायची नाही.