तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला गावात का ठेवलं?

"म्याडम, असा माणूस गावात कायले ठेवता? नागपूरच्या पागलखान्यात टाकून द्या ना!" यवतमाळकडच्या गावांत हिंडताना हे मला पारावर, एसटीत, अगदी लग्नाच्या पंगतीतही ऐकावं लागतं. मी बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, आता तो २६ वर्षांचा आहे, कापूस वेचणीला आलेल्या एका बाईला पऱ्हाटीत मागून धरलं.

आधी हे सांगते: तिनं तक्रार दिली, आणि द्यायलाच हवी होती. "त्याले काय समजते, मिटवून टाका" म्हणत तिच्या घरी निघालेल्यांबरोबर मी गेले नाही. तो सध्या जामिनावर आहे.

मनोरुग्णालयाचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. हा काही गोळ्यांनी उतरणारा ताप नव्हे. दुसरा सल्ला लग्नाचा. "बायको आली का सुधरते." हे ऐकलं की मी चिडतेच. कोणाच्या लेकीवर करून बघायचं हे?

इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ ग्लिनिस मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पुरुषांचे गट चालवले. आठवड्यातून दोन तास, जवळपास वर्षभर. शरीराची ओळख, संमती, समोरचीला काय वाटलं असेल, मनात तसलं आलं की काय करायचं, हे सगळं सोप्या शब्दांत, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे गट नाही. मंगळवारी तो, त्याचा भाऊ आणि मी. अंगणात खडूनं गोल काढते. आतल्या गोलात आई, मग भाऊ, मग शेजारी, सगळ्यात बाहेर अनोळखी बाई. कोणाला मिठी, कोणाला नमस्कार, कोणापासून चार हात लांब. "संमती" त्याला कळत नाही. "तिनं हो म्हटलं का?" हे कळतं, पण तेवढ्यालाच आठ महिने लागले. शाळेत आम्ही त्याला बटणं लावायला शिकवलं, पैसे मोजायला शिकवलं. हे कधीच शिकवलं नाही. ती चूक आमची आहे.

आणि हे खोलीत कोंडून शिकवता येत नाही. बाया वावरात असतात, नळावर असतात, एसटीत असतात. वागायचं तिथंच आहे. म्हणून तो एकटा बाहेर पडत नाही, भाऊ सोबत असतो. नळाचा रस्ता त्याचा बदलला, तिचा नाही.

परवा ती बाजारात भेटली. "म्याडम, यंदा वेचणीले तो कोन्त्या वावरात?" आता दर आठवड्याला भावाला विचारून मी तिला आधीच कळवते.