तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मुलीचं नाव शमामाच आहे

विचारणारे तीन प्रकारचे. एक म्हणतात "वा, वेगळं आहे, अर्थ काय?" दुसरे आडनाव ऐकून परत नावाकडे बघतात आणि मग हळूच विचारतात "लव्ह मॅरेज का?" आणि तिसरे आमचे नातेवाईक, ते विचारत नाहीत, सरळ "शर्वरी" म्हणूनच हाक मारतात. आज तिघांनाही एकदाच सांगते, म्हणजे लग्नाच्या पंगतीत परत परत नको.

शमामा हे अत्तराचं नाव. उत्तर प्रदेशातल्या कनौजला होतं. मी सुगंधाच्या धंद्यातच नोकरी करते, साबण-अगरबत्तीला वास ठरवणाऱ्या लोकांत, आणि लग्नाआधी कामानिमित्त तिकडे गेले होते. तांब्याची डेग म्हणजे मोठं भांडं, झाकण मातीने लिंपलेलं, त्यातून बांबूची नळी पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ थंड होऊन साठते त्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल, सगळा वास त्यात जाऊन बसतो (आता चंदन परवडत नाही म्हणून बरेच जण पॅराफिन घालतात, तो वेगळाच रडण्याचा विषय). गुलाब, मोगरा, केवडा एकेका फुलाचे. शमामा तसं नाही, त्यात ढीगभर जिन्नस. मी विचारत गेले, ते सांगत गेले: दगडफूल, नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी, लवंग, वेलची, जायफळ. अहो, हे तर अर्धं आमच्या गोड्या मसाल्याचं आणि अर्धं दिवाळीच्या उटण्याचं सामान! तिथेच ठरवलं, मुलगी झाली तर हेच नाव.

आणि अत्तरावरून नाव म्हणजे काय आभाळ कोसळलं? आपल्याकडे सौरभ, परिमल, सुगंधा, केतकी, बकुळ, कस्तुरी, चंदन, गंधाली सगळे वासच आहेत की. अमेरिकेत पोरींची नावं शनेल ठेवतात तर इकडचे लोक म्हणतात किती मॉडर्न.

आता बारशाचं सांगते.

डेकोरेशनवाल्याला थर्माकोलच्या अक्षरांची ऑर्डर मी स्वतः दिली होती, फोनवर स्पेलिंगसकट. पाळणा सजवला, बायका जमल्या, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या झालं, आत्या म्हणून नणंद पुढे आली, बाळाच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र" केलं, सगळ्या हसल्या, आणि भिंतीवरचा पडदा ओढला तर खाली गुलाबी चकचकीत अक्षरांत "शर्वरी". टाळ्या वाजल्या. मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाची ऑर्डर चुकून आली, मी खरंच त्या पोऱ्याला शोधायला वळले, तर तो म्हणाला "ताई, काल घरनंच फोन आलता ना बदलायला." नवरा पेढ्यांचे बॉक्स मोजत होता. वर मान नाही. एकदा मोजून झाले तर परत पहिल्यापासून. सासूबाई माझ्याजवळ आल्या, ओटीचा नारळ हातात दिला आणि अगदी प्रेमाने, हे मुद्दाम सांगते, प्रेमानेच म्हणाल्या, "उद्या हिला भाड्याने घर मिळायला नको का गं?" मी पन्नास बायकांसमोर काय बोलणार होते, टाके अजून दुखत होते. नारळ घेतला आणि वाकून नमस्कार केला.

जन्मदाखल्यावर नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत मी एकटी महापालिकेत जाऊन "शमामा" घालून आले. घरी दोन महिने अबोला.

तेव्हा मी सगळ्यांना ऐकवायचे, वासाला धर्म नसतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध बनवायच्या कलेवर, आख्खा अध्याय आहे आणि विजापूरच्या आदिलशाहीतही अत्तरांवर ग्रंथ लिहून घेतलेत, मग कुणाचं अत्तर आणि कुणाचं काय, असं माझं भाषण पाठ होतं. आज तीच मी समोर आले तर म्हणेन, बाई, वासाला नसेल, नावाला असतो, आणि नाव तू वासाला नाही ठेवलंस, पोरीला ठेवलंस. त्यावर ती म्हणेल, मग घाबरून शर्वरी ठेवायचं होतं का? इथे माझ्याकडे उत्तर नाही. कारण सासूबाईंचा प्रश्न खोटा नव्हता. गेल्या वर्षी घर बघत फिरलो तेव्हा एका मालकाने कुटुंबाची नावं लिहून मागितली, आणि माझ्याच हाताने मी तिचं "शर्वरी" लिहिलं. घर मिळालं. त्याच घरात बसून हे टाइप करतेय.

आणि खरं सांगायचं तर थोडा मिरवायचा भागही होताच. वर्गात तीन-तीन आराध्या असताना आपली एकच शमामा, हे मला आवडायचं, अजून आवडतं. पण म्हणून हौस म्हणू नका, हौस असती तर दुसऱ्या दिवशी उतरली असती.

सासूबाई आता गॅझेटमध्ये नाव बदलायचा फॉर्म घेऊन आल्यात, दहावीच्या आत केलेलं बरं म्हणतात. मी भरलेला नाही. फाडलेलाही नाही. पोरगी ग्राउंडवर स्वतःचं नाव "शमा" सांगते असं कानावर आलंय. तेव्हा यापुढे मला विचारू नका, तिलाच विचारा, आणि ती शर्वरी म्हणाली तर मला येऊन सांगू नका.