टॅब दिसला म्हणजे प्रवेश झाला का?

निकाल जाहीर व्हायला पाच दिवस होते. सकाळी मेल उघडली तर प्रवेश विभागाच्या पत्त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला: "माझ्या पोर्टलवर 'वसतिगृह' असा नवा टॅब दिसतोय. म्हणजे माझा प्रवेश झाला का?" त्याच्यासोबतच उलटा प्रश्न: "माझ्याकडे टॅब नाही. मला नाकारलंय का?" एका अर्जदाराने दोन स्क्रीनशॉट जोडले होते, एक रात्री 11 चा, एक पहाटे 6 चा. दोन्हींत कागदपत्रांच्या यादीखालच्या 'शेवटचा बदल' या तारखेभोवती लाल वर्तुळ काढलेलं. तारीख एका दिवसाने पुढे सरकली होती, एवढंच.

पोर्टल सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे उत्तरही मलाच शोधायचं होतं. टॅब दिसणारा एक आणि न दिसणारा एक, असे दोन अर्ज शेजारी-शेजारी उघडले. टॅब दाखवण्याची अट होती: विद्यार्थी क्रमांक असेल तर दाखवा. ती लिहिताना असं गृहीत धरलं होतं की क्रमांक प्रवेश झाल्यावरच मिळतो. पण ज्यांनी आधी एखादा छोटा अभ्यासक्रम केलाय किंवा पूर्वी प्रवेश घेऊन रद्द केलाय, त्यांच्या नावावर जुना क्रमांक असतोच. वसतिगृह विभागाच्या प्रणालीशी माहिती जुळवणारं काम रात्री 2 वाजता आपोआप चालतं. नव्या वर्षासाठी ते त्या रात्री पहिल्यांदा चाललं आणि जुने क्रमांक असलेल्या सगळ्यांना टॅब दिसू लागला.

कारण सापडलं तरी खात्री करणं भाग होतं. टॅब दिसणाऱ्यांची यादी काढून निर्णयांच्या मसुद्याशी ताडून पाहिली. त्यांत होकार होते, नकार होते, प्रतीक्षायादीतले होते. काही अर्जांवर तर समिती अजून बसलीच नव्हती. म्हणजे टॅबचा आणि निर्णयाचा काडीचाही संबंध नव्हता.

लाल वर्तुळातल्या तारखेचंही तसंच. दोनदा आलेली गुणपत्रिका कुणी काढून टाकली, शिफारसपत्र चुकीच्या फाइलीतून योग्य फाइलीत हलवलं, की ती तारीख बदलते. आर्थिक साहाय्य विभाग उत्पन्नाचा कागद मागतो तो फॉर्म अपुरा असतो म्हणून. बहुतेक वेळा त्या टेबलावर निर्णय माहीतही नसतो.

तरीही अर्जदारांना वेड्यात काढणं मला पटत नाही. खुणा कधीकधी खऱ्याही निघतात, आणि तेव्हा चूक आमच्यासारख्यांची असते. 2005 च्या मार्चमध्ये अप्लाययुअरसेल्फ या ऑनलाइन प्रवेश अर्जांच्या प्रणालीत वेब पत्ता थोडा बदलून निकालाचं पान वेळेआधी उघडता येत होतं. कित्येकांना कोरंच पान दिसलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलने मात्र असं पाहणाऱ्या 119 जणांना प्रवेश नाकारला. शिक्षा अर्जदारांना झाली, पण दार उघडं ठेवलं होतं ते प्रणाली बनवणाऱ्यांनी. पत्राचा मजकूर पानात घालून नुसता झाकला, तर पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडणाऱ्याला तो वाचता येतो. म्हणून वेळ होईपर्यंत पत्र सर्व्हरमधून बाहेरच पडता कामा नये, आणि ती वेळ सर्व्हरच्या घड्याळाने ठरली पाहिजे. अर्जदाराच्या संगणकाचं घड्याळ कुणीही पुढे करू शकतो.

आता टॅबचं करायचं काय, यावर दुपार गेली. गुपचूप काढला तर 'टॅब गेला म्हणजे नकार' अशी नवी खूण तयार झाली असती. सगळ्यांना दाखवला तर नकार मिळणाऱ्यांच्या मनात पाच दिवस खोटी आशा राहिली असती, आणि ते मला सर्वांत वाईट वाटलं. शेवटी तो सगळ्यांचा एकदमच काढला आणि त्याच मिनिटाला प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एकच सूचना लावली: 'वसतिगृह' टॅब तांत्रिक चुकीमुळे काहींना दिसला, तो प्रवेशाच्या निर्णयाशी संबंधित नाही. फोन घेणाऱ्यांनाही हीच दोन वाक्यं लिहून दिली. त्यापुढे एक शब्दही नको, कारण समोरचा आवाजाच्या चढउतारावरूनही अर्थ काढतो.

टॅबची अट बदलून 'निकाल जाहीर झाला असेल आणि होकार असेल तर' अशी केली. मग होकार, नकार आणि प्रतीक्षायादी अशी तीन चाचणी खाती उघडली. तिन्ही पानं शेजारी ठेवून मजकूर पाहिला, सोर्स पाहिला. नकाराचं पान इतर दोघांपेक्षा 212 बाइट्सनी लहान भरलं. निर्णयाचा संकेतांक आत कुठेतरी अजून येत होता. तो काढला, तिन्ही आकडे एकसारखे आले, आणि रात्री 2 चं काम झाल्यावर पुन्हा एकदा मोजून पाहिले.