आमची वाटचाल : टाकीवरच्या पिवळ्या गोलांपर्यंत

रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात आम्ही कामाला लागलो ते तेल फिल्टर करायचं एक मशीन घेऊन. ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळायचं, गॅस्केट बदलायची, जळालेली कॉइल पुन्हा भरायची. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कामं मिळत गेली.

मग महाप्याचा तो ट्रान्सफॉर्मर. तेलाचा बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करतं तो आकडा) चांगला, मेगर (इन्सुलेशनची तपासणी) चांगला, म्हणून आम्ही ‘ठीक’ असा रिपोर्ट दिला. काही महिन्यांनी पुढच्या केबलमध्ये शॉर्ट झालं आणि तो बसला. उघडून पाहिलं तर वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, आवळून धरणारे प्रेसबोर्डचे (दाबलेल्या जाड पुठ्ठ्याचे) ठोकळे बोटाने हलत होते. तिथला ऑपरेटर म्हणाला, “साहेब, आवाज बदललाय, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.” खरंच सांगितलं होतं. ते अजून बोचतं.

तिथून आम्ही कंपनाच्या मागे लागलो. पुरवठा ५० हर्ट्झचा, पण कोअरचे, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याचे, पत्रे एका सायकलमध्ये दोनदा ताणले जातात, म्हणून ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो १०० हर्ट्झला. वाइंडिंगही त्याच १०० ला थरथरतं, पण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात : करंट दुप्पट, तर थरथर चौपट. त्यामुळे आम्ही आधी नो-लोडवर (पुरवठा चालू, पण पुढे भार नाही) आणि मग लोडवर रीडिंग घेतो. नो-लोडलाच कंपन वाढलेलं असेल तर संशय कोअरवर. लोडबरोबर नेहमीपेक्षा जास्त चढलं तर वाइंडिंगची पकड सुटत असणार. प्रेसबोर्ड वर्षानुवर्षं आकसतो, त्यात बाहेरच्या शॉर्टचे धक्के बसतात.

कंपन मोजणारा सेन्सर चुंबकाने ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला चिकटतो. जागा थोडी सरकली, टाकीच्या मजबुतीच्या पट्टीजवळ गेली, की आकडा बदलतो. म्हणून पहिल्याच भेटीत आम्ही पिवळ्या ऑइल पेंटने टाकीवर गोल काढून ठेवतो आणि पुढची सगळी रीडिंग त्याच गोलांत घेतो. एकाच भेटीत सर्टिफिकेट मागणारे बरेच भेटतात. त्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो, कामं गेली तरी. धडधाकट असतानाचं रीडिंग हाताशी नसेल तर आजच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. तेलातल्या वायूंची तपासणीही आम्ही सोडायला सांगत नाही. आतलं तापणं, ठिणग्या तिथेच कळतात.

आता आमच्या रिपोर्टच्या पहिल्या रकान्यात आकडा नसतो. तिथे लिहिलेलं असतं : ‘ऑपरेटरच्या मते आवाजात फरक आहे का? केव्हापासून?’ तो रकाना भरल्याशिवाय मी सही करत नाही.