पावसाळा लागला आणि केएच घसरला

मागच्या वेळी लिहिलं होतं, माझी खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी स्थिरावली, आता फक्त बघत बसायचं. बघत बसलो, तेच नडलं. केएच म्हणजे पाण्यातली कार्बोनेटची क्षारता, चुन्याचे सांगाडे-कवचं बांधायला लागते ती; मोजतात डीकेएचमध्ये.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: दगड-वाळू वजा जाता १५० लिटर पाणी, खाली सम्प (उपकरणांची जोडटाकी), आत एक टोडस्टूल लेदर, झोआ, थोडे मशरूम (सगळे अंगानं मऊ प्रवाळ) आणि मागच्या काचेवर कोरलाइन या चुनखडी शैवालाचा जांभळट लेप. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, त्यामुळे मालवणला गेलो तरी हात खिशात. मऊ प्रवाळांना कॅल्शियम-केएचचं एवढं काय, असं बरेच जण म्हणतात, मीही म्हणायचो. पण कोरलाइन आणि गोगलगायी चुना खातातच, आणि लेदरच्या अंगातही चुन्याचे बारीक काटे असतात. माझी टाकी रोज साधारण ०.३ डीकेएच खाते.

ही भूक मी चुन्याच्या निवळीवर भागवत होतो. टॉप-ऑफच्या, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढणाऱ्या, कॅनमध्ये लिटरला पाव ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड टाकायचं, पाणी उडेल तसा फ्लोट स्विच निवळी सोडत राहणार. पंप नको, हिशेब नको. मे महिन्यात पंखा चालू असताना दिवसाला अडीच लिटर पाणी उडायचं आणि केएच ८.३ वर खिळ्यासारखा.

३ जुलैला शेवटचं मोजमाप: ८.३. मग दहा दिवस केएच मोजायच्या किटला हात लावला नाही. पावसाची झड, खिडक्या बंद, आणि कोल्हापुरात जो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतोय, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. टाकीकडे कोण बघतो?

११ तारखेला टोडस्टूल मिटला. टोपीवर मेणासारखी चकचकीत साय. ते कात टाकताना असं करतातच, म्हणून सोडून दिलं. १३ ला झोआही अर्धेमुर्धे बंद, आणि काचेवरच्या कोरलाइनला कडेनं पांढरी किनार. तेव्हा कुठे किट काढलं. थेंब टाकतोय, हलवतोय, आणि निळ्याचं पिवळं अपेक्षेपेक्षा फारच लवकर झालं. ट्यूबलाइटमुळे रंग फसवतोय असं वाटून खिडकीशी नेऊन पुन्हा केलं. ६.४.

कॅल्शियम मात्र ४२५ पीपीएमवरून (लिटरला मिलिग्रॅम) ४१० वर, म्हणजे किटच्या चुकीत खपून जाईल एवढंच. यात गूढ काही नाही. चुना बसताना २.८ डीकेएच खर्ची पडतात तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. चारशेतून वीस गेले तर कळत नाही, आठातून दोन गेले की प्रवाळ बोंब मारतात. म्हणून आठवड्यातून एकच टेस्ट करणार असाल तर ती केएचची करा. मॅग्नेशियम १३२० होतं, जागचं हललेलं नव्हतं.

मग कॅन उघडला आणि घोटाळा समोरच दिसला. कॅन जवळजवळ भरलेलाच, वर दुधासारखी साय धरलेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून चुन्याचा परत खडू होतो, ती ही साय. कॅनवर खुणा करून मोजलं तर पाणी दिवसाला जेमतेम ९०० मिली उडत होतं. हवाच इतकी ओली की पाणी उडणार कुठे! म्हणजे चुनाही तिसऱ्या हिश्श्यावर. माझा डोस प्रवाळांच्या भुकेवर ठरत नव्हता, कोल्हापूरच्या हवेवर ठरत होता. एवढी साधी गोष्ट कळायला एक पावसाळा गेला.

आधी खड्डा भरला. १५० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण साडेचार ग्रॅम खायचा सोडा लागतो. (बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल आणि पीठ असतं.) रोज सव्वादोन ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवून सम्पमध्ये थेंब थेंब, म्हणजे दिवसाला अर्धाच डीकेएच. एका दमात वर न्यायचा मोह झाला होता, आवरला.

मग व्यवस्था बदलली. टॉप-ऑफला आता नुसतं आरओ-डीआयचं (क्षार काढलेलं) पाणी. निवळी वेगळ्या झाकणबंद बाटलीत, लिटरला ०.९ ग्रॅम, डोसिंग पंपानं रोज ७०० मिली, रात्री १० ते सकाळी ६. अगदी ओल्या दिवशीही ९०० मिली उडतंच, त्यामुळे ७०० नं खारटपणा उतरत नाही. रात्र अशासाठी की पीएच तेव्हाच सगळ्यात खाली असतो आणि निवळी तो वर ढकलते. बंद घरात पहाटे ७.७ दिसला होता. स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली, तर तो ७.८५ झाला.

स्वयंपाकघरात काट्यावर चुना मोजताना आईनं विचारलं, "काय रं, पान खायला लागलास काय?" टपरीवरचा चुनाही मुळात तेच रसायन, पण त्यात आणखी काय काय आहे हे कोण सांगणार? मी शुद्ध पावडरच वापरतो.

आरओचा गाळाचा फिल्टर या दिवसांत तीन आठवड्यांत चहाच्या रंगाचा होतो, तोही बदलला.

२९ जुलै: केएच ८.१, कॅल्शियम ४२०, खारटपणा हजारात ३५. झोआ पूर्ण उघडे. टोडस्टूलनं साय टाकली, पॉलिप (फुलासारखी तोंडं) बाहेर आहेत, फक्त डावी कड अजून आखडलेली. कोरलाइनची पांढरी किनार तशीच आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी पुन्हा अडीच लिटर उडायला लागेल, तेव्हा केएच काय दाखवतो ते कळवतो.